मिठाच्या पाण्यातलं ग्रिल

बरणीत हात घातला आणि गिरजाबाईच्या बोटांना ओल लागली.

गॅसवर डाळ उकळत होती, त्यात टाकायला मीठ घ्यायचं होतं. शनिवारी भरलेलं खडे मीठ, तेव्हा कसं खडखडत होतं, आणि सोमवारी सकाळी बरणीच्या तळाला पाण्याची लकेर. पावसाळ्यात मीठ पाझरतं हे गिरजाबाईला कुणी शिकवायला नको होतं. तिचा जन्मच धरमतरच्या खाडीकाठचा, सासर-माहेर दोन्हीकडे मिठागरं. पायाच्या टाचा मिठाने फुटलेल्या, त्या अजून भरल्या नाहीत. ऊन पाणी घेऊन जातं, मीठ जागचं हलत नाही, आणि हवेला जरा ओल आली की तेच मीठ पुन्हा पाणी ओढून घेतं. बाहेरून गोणी कोरडी दिसते, उचलायला गेलं की खाली डबकं.

एवढं मनात आलं आणि तिचा हात बरणीतच राहिला.

ग्रिल.

काल बाहेरून कोरडंठणठणीत दिसत होतं ते. तिनेच दोनदा पालथं करून बघितलं होतं. आत मात्र कुणी बघितलं होतं?

डाळ उतू गेली तरी ती तशीच उभी होती.

काल आखाडाचा शेवटचा रविवार. जितेश, तिचा एकुलता एक मुलगा, रोह्याच्या कंपनीत कामाला. रोह्याजवळच्या वरसे गावात भाड्याच्या खोलीत राहतो, बायको मनाली आणि पहिलीतली ऋतुजा. तिघं सकाळीच आली होती, आणि मनालीने येताना पिशवीतून ते विजेचं ग्रिल आणलं होतं. खाली तवा, वर तवा, मध्ये माल ठेवायचा आणि झाकण दाबायचं, की दोन्हीकडून भाजून निघतं. कोलंबी भाजली, बोंबील भाजले. गिरजाबाईने चार वेळा वाढून घेतलं आणि मग म्हणाली, "चुलीची चव नाय याला."

"चार वेळा घेतलंत आई, चव शोधायला," मनाली म्हणाली.

सून अशी. तोंडाला तोंड. गिरजाबाईला ते मनातून आवडायचं, पण ते तिने आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर गिरजाबाई ते उचलून मागच्या मोरीकडे निघाली, तर मनाली आडवी आली. "आई, याला पाणी लावायचं नाय हां. आधी बटण बंद, मग पिन काढायची. मग गार होऊ द्यायचं. गार झालं की फडकं ओलं करून घट्ट पिळायचं आणि पुसायचं. हा खालचा तेलाचा ट्रे निघतो, तो तेवढा धुवायचा. नळाखाली धरायचं नाय, बुडवायचं तर बिलकुल नाय."

"पुसलं म्हंजे धुतलं व्हय गो? आमच्यात मेल्या माणसाला पण पुसत नाय, आंघोळ घालतात."

"मग हे मेलेलं नाय ना आई अजून."

त्यावर जितेश हसला. ऋतुजा कळून न कळून हसली. ते हसणं गिरजाबाईला चांगलंच झोंबलं. तिच्या घरात तिच्याच मोरीपाशी उभं राहून कालची पोर तिला भांडं कसं साफ करायचं ते सांगते, आणि पोटचा पोरगा दात काढतो.

दुपारी सगळी लवंडली. गिरजाबाईने मोठं घमेलं घेतलं, कढत पाणी ओतलं, दोन ओंजळी मीठ टाकलं. श्रावण लागायच्या आत वशाटाचं, मासळी-मटणाचं, प्रत्येक भांडं मिठाच्या पाण्यात बुडवून काढायचं, ही तिच्या सासूची रीत. तवा, कढई, सुरी, विळी, सगळं. त्या दिवशी कोलंबी ज्याला ज्याला लागली ते सगळं बुडलं, आणि शेवटी ग्रिलही बुडलं, वायरीसकट. पाण्यात गेल्यावर त्याच्या फटींतून बुडबुडे आले. बराच वेळ येत राहिले, आत कुणीतरी श्वास सोडत असल्यासारखे. चिंचेने घासलं, वरून पाणी ओतलं, फडक्याने कोरडं केलं आणि पडवीत पंख्याखाली ठेवलं. संध्याकाळी ते असं चकाकत होतं की मनाली बघतच राहिली.

"आई, किती छान पुसलंत. मला एवढं जमत नाय."

"व्हय. पुसलं," गिरजाबाई म्हणाली. मनालीने ते पिशवीत घातलं आणि तिघं अंधार पडायच्या आत वरशाला परत गेली.

त्या एका शब्दाची तिला काल मोठी मजा वाटली होती. 

ते पाणी तर मिठाचं होतं.

तिला कान्हू आठवला. शेजारचा कान्हू, जिताडा मासळीच्या तळ्यावर मोटार लावायला गेला होता. वायर भिजलेली, तळ्याचं पाणी खाडीचं. त्याला आणला तेव्हा त्याची मूठ उघडत नव्हती. आंघोळ घालताना बायांनी बोटं एकेक करून सोडवली होती, त्यात गिरजाबाईही होती. वायरमन अंगणात उभा राहून म्हणाला होता, गोडं पाणी वेगळं आणि खारं वेगळं, खाऱ्यातून करंट धावत येतो.

तिने गॅस बंद केला आणि बटणांचा फोन शोधला. मनालीचा नंबर जितेशने दोनच्या बटणावर ठेवून दिला होता. ते दाबून धरलं. वाजला, वाजला, बंद झाला. जितेशला लावून उपयोग नव्हता. पहिली शिफ्ट, फोन गेटवर जमा.

ती तशीच शेजारी दिपिकाकडे गेली. दिपिका कान्हूच्याच घरातली सून, तिच्याकडे मोठा फोन. पोर तशी चांगली, पण तिच्या कानात पडलेलं दुपारपर्यंत जेटीवर पोचायचं.

"मनालीला त्याच्यावर निरोप धाड गो. बोलून धाडतात तसा."

"काय झालं काकी? तोंड का असं पडलंय?"

"तोंडाचं माझं मी बघते. तू बटण दाब."

दिपिकाने फोन पुढे धरला आणि डोळे मोठे करून ऐकायला उभी राहिली. गिरजाबाईने तोंड उघडलं. मी ते मशीन बुडवलं, एवढंच म्हणायचं होतं. पण समोर दिपिकाचे ते डोळे, आणि जिभेवर दुसरंच आलं. "मनाली, त्या मशीनवर आज काय करू नको. कोलंबीचा वास गेला नाय त्याचा. तुझं पुसणं असंच असतं, वरवरचं."

निरोप गेला आणि तिला कळलं की आपण काय केलं. पण तीर सुटला होता, आणि तोही विषारी.

उत्तर लगेच आलं. दिपिकाने मोठ्या आवाजात लावलं. मनालीचा आवाज गोड होता, म्हणजे ती चिडली होती. "आई, काल तर तुम्ही पुसलंत ना? मग वरवरचं कुणाचं झालं? ऋतू शाळेतून आली की तिला त्याच्यावरच चीज सँडविच करून देणार आहे. वास आला तर कळवते."

दिपिका हसली. "बरोब्बर दिलंन काकी तुम्हाला."

"अजून एकदा दाब," गिरजाबाई म्हणाली.

दिपिकाने दाबलं. फोनवर लाल ठिपका लागला. दिपिका ऐकत होती, आतून तिची सासूही दाराशी आली. गिरजाबाईची नजर दोघींवरून फिरली. गावात पंचवीस बायकांची पंचाईत करणारी गिरजा, सुनेने सांगितलेलं ऐकलं नाय आणि विजेचं मशीन बुडवून बसली. हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीत.

"राहू दे," ती म्हणाली. "मीच जाते."

आता मनाली फोन उचलणार नव्हती. टोमणा लागला की ती दिवसभर सासूचा फोन उचलत नसे, हे गिरजाबाईला चांगलं ठाऊक होतं. आपल्याच जिभेने तिने ते दार लावून घेतलं होतं.

टमटम करून ती वडखळ नाक्यावर आली. पेणहून सुटलेली रोह्याची एसटी मिळाली, खिडकीशेजारी जागाही मिळाली. पाऊस बारीक होता. कंडक्टरने कुठं म्हणून विचारलं तर तिच्या तोंडून "घरी" निघालं.

"कुणाच्या घरी मावशी?"

"रोहा दे."

गाडी सुटल्यावर तिने पुन्हा दोन दाबून धरला. वाजत राहिला. आधी तिला वाटलं, रागाने उचलत नाय. मग दुसरंच वाटलं. फोन ओट्यावर ठेवलेला असेल, वाजत असेल, आणि उचलणारा हात तिथेच शेजारी पडला असेल, मूठ मिटलेली.

तिने फोन कमरेला खोवला. पुन्हा काढला. पुन्हा खोवला.

ऋतूची शाळा सुटली असेल. पोर आली की आधी मोरीत पाय धुते, आजीनेच लावलेली सवय. ओल्या पायांनी स्वयंपाकघरात येते. ओट्याला पोट लावून उभी राहते आणि हातात ते स्टीलचं ताट, वाढ म्हणून ते पुढं सरकवते. गिरजाबाईने डोळे मिटले तर ते जास्तच स्पष्ट दिसायला लागलं, म्हणून तिने उघडले. मग बाहेर बघत राहिली. बाहेर काय दिसत होतं ते तिला सांगता आलं नसतं.

नागोठण्यात गाडी भरली. पुढे भिसे खिंडीत एक ट्रेलर आडवा झाला होता आणि गाड्यांची रांग लागली होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. लोक खाली उतरून विडी-काडी करायला लागले. शेजारची बाई म्हणाली, आता बसा तासभर.

"तुझ्या तोंडात साखर नको पडायला," गिरजाबाई तिच्यावर फिसकारली, आणि मग आपलाच आवाज ऐकून गप्प झाली. हीच जीभ. हिच्यामुळेच बसलेय ना इथं. दिपिकाच्या पुढ्यात खरं बोलली असती तर काय झालं असतं? हसली असती. आळी हसली असती. हसू दे ना हसली तर. हसण्याने कुणाची मूठ मिटत नाय.

तिने शेजारच्या बाईला फोन दिला. "माझी सून उचलत नाय. तुमच्या नंबरवरून लावा. सांगा, ग्रिल लावू नको, सासूने बुडवलंय."

"काय लावू नको?"

"ग्रिल. विजेचं. मिठाच्या पाण्यात बुडवलंय मी." ती मोठ्याने म्हणाली. दोन-तीन माना वळल्या. वळू दे.

बाईने नंबर बघून आपल्या फोनवरून लावला. खिंडीत रेंज नव्हती. डोंगराकडे बघत ती म्हणाली, "लागतच नाय हो."

ट्रेलर तासाभराने हलला. रोह्याला उतरून ती रिक्षात बसली. "वरसे," म्हणाली, "लवकर." 

जितेशची खोली वरच्या मजल्यावर, खाली घरमालक कमळाकर. जिन्यात अंधार होता. दुपारची वेळ असूनही ढगाने काळोख केलेला, आणि जिन्यातला बल्ब बंद. वरच्या घराचा टीव्ही नाही, पंख्याचा आवाज नाही. तिला आधी जीव भांड्यात पडल्यासारखं वाटलं. लाईट गेलीय. लाईट नाय तर काही नाय.

मग वरून कमळाकरचा आवाज आला. "आता बघा वहिनी. तो मेनचा खटका दोनदा पडला ना तुमचा, ते बटणच खराब झालंय. मी ते वगळून थेट जोडून दिलंय. आता पडायचं नाव घेणार नाय."

वर पंखा फिरायला लागला. जिन्यातला बल्ब लागला.

"लावू मग?" मनालीचा आवाज.

"मम्मी, भूक लागली," ऋतूचा.

गिरजाबाई जिना कशी चढली ते तिलाही कळलं नाही. दारात पोचली तेव्हा कमळाकर स्टुलावरून उतरत होता, हातात पक्कड. ऋतू ओट्याला पोट लावून उभी, पाय ओले, स्टीलचं ताट ग्रिलला टेकलेलं. मनालीचं बोट बटणावर.

"मनाली, हात काढ."

आवाज तिचा वाटलाच नाही. पत्र्यावर नख ओढल्यासारखा निघाला. तिघांनी वळून बघितलं. मनालीने सासूला बघितलं, भिजलेली, पदर खांद्यावरून उतरलेला, एका पायात चप्पल नाही. बोट मात्र बटणावरच.

"आई? तुम्ही एवढ्या लांब आलात? वास घ्यायला?"

"या मावशी," कमळाकर म्हणाला. "काय नाय, पावसाळ्यात खटके पडतातच. मी केलंय सगळं ठीक."

मनालीच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. सासू गावातून इथपर्यंत तिला खोटं पाडायला आली, असंच तिला वाटलं असणार. "बघाच आता," ती म्हणाली, "येतो का वास."

"पुसलं नाय मी ते." गिरजाबाईने चौकट धरली. "बुडवलं. मिठाच्या कढत पाण्यात बुडवलं, वायरीसकट. आत मीठ हाय त्याच्या. मी बुडवलं."



मनालीने बोट असं मागे घेतलं जसं बटण तापलं होतं. दुसऱ्या हाताने तिने ऋतूला ओढलं, एवढ्या जोरात की ताट खाली पडून घरभर वाजत गेलं. पोर रडायला लागली. कमळाकर पुन्हा स्टुलावर चढला. मेन बंद करून त्याने मघाशी जोडलेलं सोडवलं.  उतरून त्याने फडक्यात धरून ग्रिलची पिन काढली, मग ते पालथं घालून खालचे स्क्रू सोडले.

आतून पाणी आलं. फार नाही, वाटीभर असेल, गंजाने लाल झालेलं. तारांच्या जोडांवर पांढरी भुकटी धरली होती, मिठागरात वाफ्याच्या कडेला धरते तशी. कमळाकरने बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारट," तो म्हणाला, आणि खालीच बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "मी थेट जोडलं होतं हो वहिनी. खटका पडलाच नसता." तेवढंच दोनदा म्हणून तो जिना उतरून गेला.

मनाली ऋतूला मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती. गिरजाबाई अजून चौकटीतच.

"काल का नाय सांगितलंत?"

"तू हसली असतीस."

"हसले असते," मनाली म्हणाली. "मग?"

गिरजाबाईने उतरलेला पदर खांद्यावर ओढून घेतला. 

"सकाळी फोनवर तरी."

"दिपिका होती."

मनालीने सासूकडे बघितलं. "दिपिका," ती एवढंच म्हणाली. मग उठून तिने सासूला हाताला धरून आत आणलं, पाटावर बसवलं, आणि तव्यावर पोळी टाकायला वळली.  

गोष्ट पसरायची ती पसरलीच. कमळाकरने वरशात सांगितली, तिथून ती पेणला आली आणि दिपिकाच्या दारात पोचली. विहिरीवर बायका गप्प झाल्या की गिरजाबाई स्वतःच म्हणायची, "व्हय, मीच बुडवलं. विचारा अजून काय विचारायचं ते." विचारायची कुणाची छाती झाली नाही.

नवं ग्रिल गौरी-गणपतीनंतर आलं. मनालीने ते आणून गिरजाबाईच्याच ओट्यावर ठेवलं. मासळी भाजली, जेवणं झाली. मनालीने भिंतीतलं बटण बंद केलं, पिन काढली, ग्रिल गार होऊ दिलं, आणि घट्ट पिळलेलं फडकं सासूपुढं धरलं.

"तुम्हीच पुसा आज."

गिरजाबाई बसली. तेलाचा ट्रे काढून तिने बाजूला ठेवला, धुवायला. खालचा तवा पुसला, वरचा पुसला, फटीत साचलेलं लाकडी उलथन्याने हळूच खरवडलं. पण सगळं एका हाताने, त्यामुळे ग्रिल सारखं सरकत होतं.

"आई, दोन्ही हातांनी पुसा की. एका हाताने अर्धं राहतंय."

गिरजाबाईने डावी मूठ वर करून दाखवली. वायरीचं टोक तिच्यात गच्च धरलेलं होतं.

"दुसऱ्या हातात पिन हाय," ती म्हणाली, आणि ती मूठ काम संपेपर्यंत तिने उघडली नाही.